मुलीचं नाव ‘वैदर्भी’: अर्थ काय, आलं कुठून, आणि नागपुरात कोणी ठेवतं का?

प्राची_खामला
नमस्कार मंडळी. मुलगी झाली आहे, घरी सगळे खूश, आणि आता नावावरून जुंपली आहे. मला आणि नवऱ्याला वैदर्भी आवडलंय. नणंदबाई पुण्याला असतात, आत्या म्हणून कानात कुर्रर्र त्याच करणार, आणि त्यांचं म्हणणं हे काय नाव झालं, उद्या कोणी पोरीचं नाव मराठवाडी ठेवेल का. सासूबाई म्हणतात रुक्मिणीचंच नाव आहे न ते, मग सरळ रुक्मिणीच ठेवा. तर नक्की अर्थ काय, फक्त रुक्मिणीच की अजून कोणी, आणि तुमच्या ओळखीत या नावाच्या मुली आहेत का? रास आम्ही पाहत नाही पण सासरे पाहतात, तेही माहीत असेल तर सांगा. नेटवरच्या नावांच्या याद्या पाहून झाल्या, तिथे प्रत्येक नावाचा अर्थ देवी, सुंदर नाहीतर लक्ष्मी एवढाच असतो.

तर्री_पोहे
अभिनंदन! पेढे नको, संत्रा बर्फी पाठवा. नाव भारी आहे पण शाळेत पोट्टे विदर्भ एक्स्प्रेस म्हणतील, आत्ताच सांगून ठेवतो.

अनुशेष_भाऊ
ठेवाच म्हणतो मी. फक्त दुसरं मूल झालं की ही पोट्टी, विकासाचा अनुशेष मोजायला बसली होती तशी, दांडेकर समिती बसवल अन् चॉकलेटापासून सगळा अनुशेष काढल.

मेघदूत_रामटेक
जोक चालू द्या, मी जरा मुद्द्याचं लिहिते. वैदर्भी म्हणजे विदर्भाची, आणि जुन्या वापरात विदर्भाच्या राजाची मुलगी. विदेहाची वैदेही, मिथिलेची मैथिली, पांचालांची पांचाली, गांधारची गांधारी, तसंच हे. पहिल्या स्वराची वृद्धी होते म्हणून ‘वि’चा ‘वै’ झाला. नाव आजच्या फॅशनचं वाटत असलं तरी बनावट फार जुनी आहे. नणंदबाईंना विचारा, वैदेही चालतं न तुम्हाला? तेही एका प्रदेशावरूनच आलंय.

आणि फक्त रुक्मिणी नाही. भागवतात रुक्मिणीला वैदर्भी म्हटलंय हे खरं, पण महाभारतातल्या नलोपाख्यानात दमयंतीसाठी हा शब्द सारखा येतो, ती विदर्भाच्या भीम राजाची मुलगी. अगस्त्यांची लोपामुद्रा विदर्भाच्या राजवाड्यात वाढली. कालिदासाच्या रघुवंशातली इंदुमती, म्हणजे अजाची राणी, दशरथाची आई, तिचं स्वयंवर विदर्भात झालं. म्हणजे प्रभू रामाच्या आजीचं माहेर आपल्याकडचं. कालिदासाला दीपशिखा कालिदास म्हणतात ते तिच्या स्वयंवरातल्या श्लोकावरून, ती हातात माळ घेऊन एकेका राजासमोरून पुढे जाते आणि मागे राहिलेल्याचा चेहरा दिवा पुढे गेल्यावर अंधारात पडलेल्या वाड्यासारखा होतो. त्याच्याच मालविकाग्निमित्र नाटकातली मालविकाही विदर्भाची राजकन्या, विदिशेच्या राजवाड्यात ओळख लपवून दासी म्हणून राहते.

अजून एक अर्थ आहे, तो याद्यांमध्ये सापडणार नाही. संस्कृत काव्यशास्त्रात वैदर्भी नावाची रीती, म्हणजे लिहिण्याची शैली आहे. जुन्या काव्यशास्त्रकारांपैकी दंडीने वैदर्भ आणि गौड असे दोन मार्ग सांगितले, वामनाने वैदर्भी, गौडी, पांचाली अशा तीन रीती केल्या आणि वैदर्भीत सगळे गुण आहेत असं म्हटलं. मोठमोठे समास नाहीत, कानाला गोड, वाचताच कळणारं. कालिदास या रीतीचा राजा मानला जातो.

सावजी_वीकेंड
म्हणजे वैदर्भी म्हणजे थोडक्यात, गोड आणि समजेल असं बोलणारी? हे बायकोला दाखवू का नको विचार करून राहिलो. ती अकोल्याची आहे.

मेघदूत_रामटेक
@सावजी_वीकेंड दाखवा, आणि काय झालं तेही इथे लिहा :) या दोन अर्थांवर श्रीहर्षाने नैषधीयचरितात मस्त श्लेष केलाय. हंस दमयंतीला म्हणतो, वैदर्भी तू धन्य आहेस, तुझ्या गुणांनी नैषधालाही ओढून घेतलं. नैषध म्हणजे नल, आणि नैषध म्हणजे हे काव्यसुद्धा. आता हे काव्य किती अवघड आहे हे ज्यांनी एमएला लावलं असेल त्यांना विचारा, वैदर्भी रीतीशी त्याचा संबंध जोडायला हंसच पाहिजे.

अंबानगरी_वाला
रुक्मिणीचा विषय निघाला म्हणून नागपूरकरांना नम्र आठवण. तिचं माहेर कुंडिनपूर म्हणजे आमचं कौंडण्यपूर, तालुका तिवसा, जिल्हा अमरावती, वर्धा नदीच्या काठावर. आषाढीला पंढरपूरला रुक्मिणीची पालखी जाते ती तिथून, माहेरची पालखी. आणि श्रीकृष्णाने तिला अंबादेवीच्या देवळातून रथात घेतलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे नाव ठेवायला हरकत नाही, पण रॉयल्टी अमरावतीला.

तर्री_पोहे
@अंबानगरी_वाला संत्री तुमच्या वरुड-मोर्शीची, नाव नागपूरचं. रुक्मिणीचंही तसंच करू.

अंबानगरी_वाला
@तर्री_पोहे तेच तर दुःख आहे बाप्पा!!

महाल_काकाजी
प्राचीताई, शुभाशीर्वाद. आमच्या काळी नागपूरच्या महाल भागात पोरीचं लग्न लांबलं की तिला एकनाथांचं रुक्मिणीस्वयंवर वाचायला बसवत. माझ्या दोन्ही बहिणींनी वाचलं, एकीचं लग्न त्याच साली जमलं अन् दुसरीनं तर वाचून वाचून पाठ केलं अन् शेवटी लग्न न करता शिक्षिका झाली, अन् जन्मभर आम्हाले ओव्या ऐकवून चूप बसवलं. माझं मत असं की सासूबाईंचं ऐका. रुक्मिणी हे पूर्ण नाव आहे, रुक्म म्हणजे सोनं. वैदर्भी हे विशेषण आहे, नाव नव्हे. कुणाला हाक मारताना नागपूरकर अशी हाक मारतो का?

कडूनिंब
काकाजींशी वेगळ्या कारणाने सहमत. मला ही बापाच्या राज्यावरून पडलेली नावं खटकतात. गांधारीचं स्वतःचं नाव काय होतं? कैकेयीचं? माद्रीचं? महाभारत-रामायण वाचून कळत नाही. मुलगी म्हणजे अमुक देशाची, अमुक राजाची, बस. आपण आता त्याच पद्धतीचं नाव कौतुकाने ठेवायचं का? माझ्या मुलीचं नाव मी मुद्दाम तिचं तिचं असेल असं शोधलं.

अनुशेष_भाऊ
काय ठेवलं मग?

कडूनिंब
@अनुशेष_भाऊ अनन्या. आणि हो, वर्गात अजून दोघी आहेत, हसू नका.

मेघदूत_रामटेक
@कडूनिंब मुद्दा बरोबर आहे, पण गांधारी-कैकेयीला लागू होतो तेवढा या वैदर्भींना होत नाही. रुक्मिणी, दमयंती, इंदुमती, लोपामुद्रा सगळ्यांना स्वतःची नावं आहेत, वैदर्भी हे त्याच्या जोडीला. आणि यांनी वागून काय दाखवलं ते पहा. रुक्मिणीचं लग्न भावाने शिशुपालाशी ठरवलं होतं, तिने ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप पाठवला आणि कधी, कुठून न्यायचं तेही स्वतःच कळवलं. दमयंतीने भर स्वयंवरात नलाचं रूप घेतलेल्या देवांमधून खरा नल ओळखला. नंतर नल तिला रानात सोडून गेला तेव्हा ती चेदी देशातून माहेरी विदर्भात आली आणि रडत बसली नाही, कोड्यासारखे श्लोक देऊन माणसं चारी दिशांना पाठवली. अयोध्येहून खुणेचं उत्तर आलं तेव्हा ऋतुपर्ण राजाला कळवलं की दमयंतीचं दुसरं स्वयंवर उद्याच आहे. एका दिवसात अयोध्येहून विदर्भात रथ आणू शकणारा सारथी एकच, नल. आला बरोबर! लोपामुद्रेचं सूक्त तर ऋग्वेदात आहे, पहिल्या मंडलात १७९वं, त्यात ती अगस्त्यांना स्पष्ट सांगते की तप पुरे, आता संसाराकडे पहा.

सावजी_वीकेंड
म्हणजे नाव ठेवा पण अठरा वर्षांनंतर पोरगी स्वतःचं स्वतः ठरवून आली तर याच धाग्यावर रडायला यायचं नाही.

हजेरी_बाई
मी प्राथमिक शाळेत शिकवते, नागपुरातच. किती मुलींचं आहे या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: इतक्या वर्षांत एखाददुसरीच भेटली. वैदेही मात्र जवळपास दरवर्षी असते. हजेरीपटावरून काळ कळतो बघा, माझ्या आईच्या पिढीत कुसुम, वत्सला, शकुंतला, माझ्या वर्गात वैशाली, अर्चना, मनीषा, वंदना यांची रांग, मग स्नेहल, अश्विनी, पूजा, आणि आता आरोही, अन्वी, स्वरा, आर्या, अर्धा वर्ग ‘अ’ आणि ‘आ’मध्येच संपतो आणि ‘व’पर्यंत यायला वेळ लागत नाही. गार्गी, मैत्रेयी, मैथिली ही नावं परत येताहेत, वैदर्भी त्याच घोळक्यातलं आहे पण मागे राहिलंय.

एक बाईंच्या नजरेतून सांगते. पहिलीतल्या मुलीला हे नाव लिहायला कठीण जातं. सुरुवातीला दोन मात्रा, शेवटच्या अक्षरावर दुसरी वेलांटी आणि त्याच अक्षरावर रफार. रफार ‘द’वर द्यायचा का ‘भी’वर यात पोरी अडकतात. आणि हाक मारणारे निम्मे लोक ‘वैधर्बी’ म्हणतात, ‘द’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘ब’ होतो. पण नावाच्या निमित्ताने रफार पक्का होतो हेही खरं.

मी_स्वतः_वैदर्भी
बऱ्याच वर्षांपासून नुसती वाचते इथे, आज राहवलं नाही म्हणून खातं उघडलं. मी वैदर्भी, चंद्रपूरची, शिक्षण नागपूरला, आता नोकरी हैदराबादला.

लहानपणी या नावाचा मला कंटाळा होता. नागपूरला कॉलेजात पहिल्याच दिवशी एकानं विचारलं तू वैदर्भी तर मग आम्ही कोण, गुजराती? घरी मला या नावाने कोणीच हाक मारत नाही, मी ताई नाहीतर चिकू. वैदर्भी फक्त आई चिडली की. फोनवर नाव सांगितलं की समोरचा वैदेही किंवा वैष्णवी लिहितो, मी पण आता दुरुस्त करत बसत नाही, पार्सल मिळाल्याशी मतलब.

पण हैदराबादला आल्यावर चित्र बदललं. इथे सगळे विचारतात हे कोणतं नाव, मग मी सांगते, मग रुक्मिणीची गोष्ट होते, मग ताडोबा, मग विषय रंगतो. ऑफिसात एक तमिळ मॅडम आहेत, त्यांना संस्कृत येतं, त्या पहिल्याच दिवशी ‘आह, कालिदास’ म्हणाल्या. नागपुरात मला असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे माझं मत विचाराल तर ठेवा, पण घरात हाक मारायला दुसरं लहान नाव हाताशी ठेवा.

स्वाती_वर्धेची
@मी_स्वतः_वैदर्भी तू जे लिहिलंस त्यातच सगळं आलं न. विचार करा, कुंडिनपुरात रुक्मिणीला कोण वैदर्भी म्हणत असेल? तिथे तर सगळ्याच वैदर्भी. ही हाक द्वारकेत सुरू झाली असणार, सासरच्यांनी मारलेली. मैथिलीला मिथिलेत कोण मैथिली म्हणणार, ती अयोध्येत मैथिली. मी वर्धेची आहे हे मला तरी कुठे माहीत होतं, पुण्याला होस्टेलला गेले तेव्हा ‘ती विदर्भातली’ झाले, बोलायला लागले की मुली ऐकायला गोळा व्हायच्या, ‘काहून’ म्हणून दाखव म्हणायच्या. सुरुवातीला राग यायचा, नंतर मी मुद्दाम जास्त बोलायला लागले.

मला वाटतं नणंदबाई पुण्यात राहतात म्हणून त्यांना ते नाव टोचतंय, त्यांना तिथे लोक असंच काहीतरी म्हणत असतील. त्यांच्यावर चिडू नका, एकदा निवांत विचारा.

प्राची_खामला
@स्वाती_वर्धेची हे मी असं पाहिलंच नव्हतं. लग्न होऊन गेल्या तेव्हा ऑफिसमध्ये त्यांच्या बोलण्याची नक्कल व्हायची असं त्या एकदा म्हणाल्या होत्या खऱ्या.

पूर्वोत्तर_भटक्या
थोडं तेल ओततो. अरुणाचलात इदू मिश्मी लोक रुक्मिणीला आपली मानतात. रोइंगजवळ भीष्मकनगर नावाचे जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, तोच रुक्मिणीच्या वडिलांचा, भीष्मक राजाचा गाव असं तिथली परंपरा सांगते. आणि गुजरातेत पोरबंदरकडे माधवपूरला रामनवमीच्या सुमारास कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची जत्रा भरते, तिथे आता अरुणाचलची मंडळी वधूपक्ष म्हणून येतात.

अंबानगरी_वाला
काय सांगता! आमचं माहेरपण पण नेलं?

तर्री_पोहे
नागपूरवाले संत्रे नेतात, अरुणाचलवाले रुक्मिणी नेतात. अमरावतीकरांनी आता भिंत बांधावी.

महाल_काकाजी
भागवतात विदर्भ लिहिलंय, कुंडिन लिहिलंय. विषय संपला. बाकी ज्याला भक्ती करायची त्यानं करावी, देवीले माहेर जास्त असले तर काय बिघडते.

जुनापुराणा
सगळे वैदर्भीवर बोलून राहिले, मूळ विदर्भ कोण ते कोणी सांगेना. एक व्युत्पत्ती सांगतात की वि-दर्भ म्हणजे जिथे दर्भ उगवत नाही तो देश. पण पुराणात विदर्भ हा राजा आहे आणि त्याच्या जन्माची गोष्ट विष्णुपुराणात नि भागवतात आहे, ती प्रत्येक नवऱ्याने वाचावी.

यदुवंशात ज्यामघ नावाचा राजा होता. मूल नाही, पण बायको शैब्या हिच्या धाकाने दुसरं लग्न करायची हिंमत नाही. एकदा लढाई जिंकली आणि शत्रूच्या घरची एक मुलगी रथात घालून आणली, मनात काय असेल ते असेल. शैब्या दारातच उभी. तिनं विचारलं, माझ्या जागेवर ही कोण बसवून आणली? ज्यामघाची बोबडी वळली, म्हणाला ही तुझी सून. ती म्हणाली मला मूलच नाही तर सून कुठली? हा म्हणे तुला जो मुलगा होईल त्याची बायको. पुढे खरंच मुलगा झाला, तो विदर्भ, आणि त्या मुलीचं लग्न त्याच्याशीच लागलं. विष्णुपुराण म्हणतं बायकोच्या शब्दाबाहेर नसलेले जेवढे नवरे झाले आणि होतील त्यांच्यात ज्यामघ श्रेष्ठ.

तर प्राचीताई, तुमच्या लेकीच्या नावाच्या मुळाशी हे पुण्यवान गृहस्थ आहेत.

सावजी_वीकेंड
आयुष्यात पहिल्यांदा आपल्या प्रदेशाचा इतका अभिमान वाटला. ज्यामघ भाऊंचा पुतळा व्हरायटी चौकात पाहिजे.

अनुशेष_भाऊ
म्हणजे सून आधी, लेक नंतर. इथल्या सिंचन प्रकल्पासारखं, भूमिपूजन आधी, पाण्याचं पाहू. आता कळलं आपल्याकडचं नियोजन कोणावर गेलंय.

कडूनिंब
गोष्ट गमतीची आहे पण त्या रथातल्या मुलीला कोणी विचारलं का हा माझा प्रश्न आहेच. वयाचं गणित तर करूच नका.

जुनापुराणा
@कडूनिंब नाही विचारलं. भागवतात तिचं नाव मात्र दिलंय, भोज्या.

हजेरी_बाई
प्राची, अजून मोकळी असशील तर वरदा हाही एक पर्याय. वर्धा नदीचं जुनं नाव. मालविकाग्निमित्रात विदर्भ दोन भावांत वाटून देतात तेव्हा हद्द वरदा नदीचीच ठरते. लिहायला सोपं, पुण्यातही चालतं, आणि विदर्भ आत आहेच. एक वेणाही होती माझ्या वर्गात, हिंगणघाटची, तिच्या गावच्या नदीवरून.

तर्री_पोहे
नद्यांवरून ठेवायचं असेल तर आमच्या नाग नदीवरून पण कोणीतरी ठेवा राव. नको, राहू द्या.

रणजी_पागल
एकच सांगतो. विदर्भानं २०१७-१८ ला रणजी मारली, पुढच्या सीझनला परत मारली, अन् २०२४-२५ ला तिसऱ्यांदा. आता या नावाले कोणी हसत नाही.

मेघदूत_रामटेक
राशीचं राहूनच गेलं. ‘वै’ हे ‘वे’मध्ये धरतात, वे वो का की ही मृगाची अक्षरं, त्यामुळे मृगाचा पहिला चरण, वृषभ रास. सासरेबुवांची पत्रिका तिथे जुळत नसेल तर काळजी नको, पाळण्यातलं नाव वेगळं ठेवतातच की बरेच लोक.

प्राची_खामला
सगळ्यांचे आभार, धागा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला, ज्यामघाला सासरे इतके हसले की चहा सांडला. काल रात्री नणंदबाईंशी व्हिडिओ कॉलवर बोलले. नावाचा विषय मी काढलाच नाही, पुण्याचे सुरुवातीचे दिवस कसे गेले ते विचारलं, तासभर बोलत होत्या. त्यांना अजूनही वैदर्भी फारसं पटलेलं नाही, त्यांचं म्हणणं मुलगी आयुष्यभर अर्थ सांगत बसेल. पण त्यांनी वरदा ऐकलं आणि म्हणाल्या पाळण्यातलं नाव वरदा असेल तर कानात दोन्ही सांगते. सासूबाई रुक्मिणीवर ठाम आहेत आणि आत्तापासूनच तिला रुखमाई म्हणायला लागल्या आहेत, तिथे कोणाचं चालत नाही. दाखल्यावर वैदर्भी घालायचं असं आमचं दोघांचं ठरतंय. इंग्रजी स्पेलिंग कसं करू? ‘डी’नंतर ‘एच’ लावतात का?

मी_स्वतः_वैदर्भी
‘डी’नंतर ‘एच’ अजिबात नको, तो ‘बी’नंतर. व्ही ए आय, डी ए आर, बी एच आय. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर तो एच चुकीच्या जागी पडला होता आणि पासपोर्टच्या वेळी दोन कागदांवर दोन वैदर्भी निघाल्या, मग प्रतिज्ञापत्र करा, फेऱ्या मारा. आता कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा, फॉर्म भरणारा नवरा असो की सासरे, त्यातूनच उतरवायचं.

हजेरी_बाई
आणि घाईत नाव देऊ नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, ती दवाखान्याकडून गेली असेल, पण त्यात बाळाचं नाव नसलं तरी चालतं. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, नंतर विलंब शुल्क भरून. एकदा घातलं की मात्र पुढे बदलायचं म्हणजे राजपत्रात छापून आणण्यापर्यंत जातं. दाखला हातात आला की खिडकीवरून हलायच्या आधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षर अक्षर वाचा, मराठीत रफार ‘भी’वरच आहे न तेही.